मेजर गणित, आणि मायनर? दामोदर धर्मानंद कोसंबींची गोष्ट



बारावीचा निकाल लागला की आमच्या घरचा फोन आठवडाभर थांबत नाही. मी हायस्कूलला गणित शिकवते, त्यामुळे जुन्या मुलांचे पालक हक्काने विचारायला येतात. या वर्षी एका माजी विद्यार्थिनीचे वडील रात्री नऊ वाजता दारात उभे. हातात मोबाईल, मोबाईलवर अर्धा भरलेला प्रवेश अर्ज. मेजरच्या रकान्यात गणित लिहून झालं होतं, त्यावर घरात एकमत होतं. मायनरचा रकाना रिकामा. मुलीला इतिहास घ्यायचा होता. वडिलांचं म्हणणं असं की गणिताच्या मुलीनं इतिहास घेऊन करायचं काय, त्यापेक्षा ज्यात हजेरी कमी लागते आणि मार्क सहज मिळतात असं काहीतरी सांगा. अर्ज भरायला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतच मुदत होती.

मी त्यांना तेव्हा जे सांगितलं ते अगदीच गुळमुळीत होतं. मुलीच्या आवडीचं घ्या वगैरे. त्यांचं समाधान झालं नाही, आणि ते बरोबरच होतं. आवड हे उत्तर पोट भरलेल्या माणसाला पटतं. ते गेल्यावर मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवले. खरं तर ते आधीच आठवायला हवे होते. म्हणून आज त्यांच्याबद्दल, आणि तेही त्यांनी कोणते विषय निवडले, का निवडले आणि त्याची काय किंमत मोजली, एवढ्याच बाजूने लिहिते आहे.

आधी वडिलांबद्दल चार ओळी सांगायलाच हव्यात, कारण मुलगा तिथूनच समजतो. धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे. नारळाच्या बागा, घरची शेती आणि औपचारिक शिक्षण जवळजवळ नाहीच. बुद्धाबद्दल थोडंफार वाचलं आणि डोक्यात तेच भरलं. 1899 मध्ये बायको आणि तान्ही मुलगी घरी ठेवून ते बाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असा प्रवास करत संस्कृत आणि पाली शिकले, भिक्खू झाले, आणि सुमारे सात वर्षांनी परत संसारात आले. पुढे कलकत्त्यातली जास्त पगाराची नोकरी सोडून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या पन्नास रुपये महिन्याच्या मदतीवर महाराष्ट्रात राहणं त्यांनी पसंत केलं. फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी एकदा नव्हे, अनेकदा बोलावलं. आजच्या भाषेत सांगायचं तर या माणसाला मेजरही नव्हता आणि मायनरही नव्हता, कारण कॉलेजच नव्हतं.

दामोदरांचा जन्म 31 जुलै 1907 चा, गोव्यातला. सुरुवातीची शाळा पुण्यात झाली. 1918 मध्ये वडील पुन्हा हार्वर्डला निघाले तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर आणि त्याची थोरली बहीण माणिक, दोघंही त्यांच्याबरोबर केंब्रिजला गेले. हे केंब्रिज इंग्लंडातलं नव्हे, मॅसॅच्युसेट्समधलं, हार्वर्ड जिथे आहे ते. तिथल्या लॅटिन स्कूलमध्ये तो शिकला. वडिलांचे एक सहकारी लिओ वीनर, आणि त्यांचा मुलगा नॉर्बर्ट वीनर, जो पुढे सायबरनेटिक्सचा जनक म्हणून जगभर गाजला. त्या घराशी दामोदरची ओळख या वयातली. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत त्याने इतके चांगले गुण मिळवले की हार्वर्डची प्रवेश परीक्षा त्याला माफ झाली. मध्ये वर्षभर तो भारतात येऊन राहिला, वडील तेव्हा अहमदाबादला गुजरात विद्यापीठात होते. जानेवारी 1926 मध्ये तो पुन्हा हार्वर्डला पोचला.

आता इथे थोडं थांबू या, कारण मेजर-मायनरची जी चर्चा आपण नव्या शैक्षणिक धोरणानंतर करतो आहोत, तिचं मूळ बऱ्याच अंशी याच विद्यापीठात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चार्ल्स एलियट नावाचे अध्यक्ष तिथे होते, तब्बल 40 वर्षं. त्यांनी सक्तीचे विषय जवळजवळ काढून टाकले आणि मुलांना हवं ते निवडायची मोकळीक दिली. मुलांनी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. हुशार मुलांनी सोनं केलं आणि बाकीच्यांनी सकाळी उठावं लागणार नाही असे, सोपे, पहिल्या पायरीचे अभ्यासक्रम गोळा करून पदवी घेतली. त्यांच्यानंतर 1909 मध्ये लॉवेल अध्यक्ष झाले. त्यांनी नियम आणला की पदवीच्या सोळा अभ्यासक्रमांपैकी निदान सहा एकाच विषयातले हवेत, आणि निदान सहा त्या विषयाच्या बाहेरच्या गटांत वाटून घ्यायला हवेत. एका ठिकाणी खोल खणायचं, आणि शेजारच्या वावरातही फिरून यायचं. आपल्याकडच्या मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्हच्या रकान्यांची ही पणजी म्हणा.

म्हणजे रकाना रिकामा ठेवून सोपा विषय शोधणारे पालक ही काही आपल्याकडची खास गोष्ट नाही. ती नियमाइतकीच जुनी आहे.

तर अशा विद्यापीठात दामोदर गणित शिकत होता, आणि त्याला शिकवणारे होते जॉर्ज बर्कहॉफ, त्या काळचे अमेरिकेतले अग्रगण्य गणिती. त्यांना या मुलातली ताकद दिसली. त्यांनी त्याला सांगून पाहिलं की इतर नाद सोड, पूर्ण लक्ष गणितावर दे. कोणत्याही चांगल्या शिक्षकाने दिला असता असाच हा सल्ला होता. मीही दिला असता. दामोदरने तो ऐकला नाही. गणित सोडलं नाही, पण नाना विषयांचे अभ्यासक्रम घेत राहिला आणि प्रत्येकात वरचे गुण मिळवत राहिला. युरोपातल्या अनेक भाषा त्याने आत्मसात केल्या. 1929 मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळाली, फाय बीटा कॅपा या मानाच्या जुन्या संस्थेचं सदस्यत्वही मिळालं.

आणि मग तो पुढे न शिकता भारतात परत आला. डॉक्टरेट त्याने तेव्हाही केली नाही आणि नंतरही कधी केली नाही. ज्यांच्या नावावर पुढे गणितातल्या संकल्पना जमा झाल्या त्या माणसाकडे शेवटपर्यंत बी. ए. एवढीच पदवी होती! आज असा उमेदवार आपल्या कुठल्याही कॉलेजात मुलाखतीला आला तर त्याचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला पडेल.

इथून पुढे मी त्यांना अहोजाहो करते.

पहिली नोकरी बनारस हिंदू विद्यापीठात. तिथे त्यांनी गणित शिकवलं आणि त्याच्या जोडीने जर्मनही शिकवली. पाहा, हार्वर्डचा तो नाद पहिल्याच नोकरीत कामाला आला. 1931 मध्ये आंद्रे वेल या तरुण फ्रेंच गणितज्ञाने त्यांना अलीगढला बोलावून घेतलं. वेल तेव्हा पंचविशीतले, तिथे गणिताचे प्राध्यापक. त्याच वर्षी कोसंबींचं लग्न झालं, पत्नी नलिनी या माहेरच्या मडगावकर. अलीगढच्या दोन वर्षांत त्यांनी भूमितीवर एकामागून एक शोधनिबंध लिहिले, आणि त्यांतले काही फ्रेंच, जर्मन, इटालियन नियतकालिकांत दिले. जगातलं पहिल्या प्रतीचं गणित तेव्हा याच भाषांत चालत होतं. या काळातल्या त्यांच्या कामातून जो धागा निघाला तो आज कोसंबी, कार्तां आणि चर्न अशा तीन नावांनी ओळखला जातो. त्यातला कार्तां म्हणजे फ्रान्समधला त्या काळचा सर्वांत मोठा भूमितितज्ज्ञ. 1934 मध्ये रामानुजन पारितोषिक मिळालं. तोवर ते पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला लागले होते, जिथे त्यांचे वडील पाली शिकवून गेले होते.

म्हणजे एवढंच पाहिलं तर बर्कहॉफ चुकीचे ठरले असं वाटेल. नाद सोडले नाहीत तरी गणित झालंच की. पण थांबा, गोष्ट इतकी सरळ नाही.

फर्ग्युसनच्या दिवसांत त्यांना संख्याशास्त्राने ओढून घेतलं. ते तेव्हा नवं शास्त्र होतं. नुसतं पुस्तक वाचून संख्याशास्त्र कळत नाही, हाताशी खरी आकडेवारी लागते, हे आपण नववी-दहावीला मध्य आणि बहुलक शिकवताना दरवर्षी अनुभवतो. वहीतल्या उदाहरणातल्या पन्नास मुलांच्या उंचीत कुणालाच रस नसतो. कोसंबींनी स्वतःसाठी उदाहरण शोधलं ते जुन्या नाण्यांचं.

ही गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे. तुम्ही वर्गात वापरू शकाल.

आपल्याकडची सर्वांत जुनी नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, वजनाला जुळवून कोपरे छाटायचे, आणि त्यांवर छोटे छोटे ठसे उमटवायचे: सूर्य, टेकडी, झाड, प्राणी. राजाचं नाव नाही, साल नाही, अक्षरही नाही. मग कुठलं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे ठरवायचं कसं? अभ्यासक ठशांच्या अर्थावरून वाद घालत होते. कोसंबींनी हातात तराजू घेतला.

त्यांचा विचार असा. टांकसाळीतून नवी निघालेली एका जातीची नाणी जवळजवळ सारख्या वजनाची असतात, थोडाफार फरक असतोच. ती बाजारात फिरायला लागली की या हातातून त्या हातात, या थैलीतून त्या थैलीत घासली जातात. प्रत्येक नाणं थोडं थोडं झिजतं. त्यामुळे जसजसा काळ जातो तसतसं सरासरी वजन खाली येत जातं. पण सगळी नाणी सारखी फिरत नाहीत. एखादं कुणाच्या गाठोड्यात पडून राहतं, एखादं रोज बाजार पाहतं. म्हणून वजनांमधली तफावत वाढत जाते. सरासरी घटते, प्रसरण वाढतं. म्हणजे एकाच वेळी पुरलेला एखादा साठा सापडला, तर त्यातल्या निरनिराळ्या ठशांच्या गटांची सरासरी वजनं काढून कोणता गट जास्त काळ चलनात होता, म्हणजे आधीचा, हे सांगता येईल. नाण्यांच्या मागच्या बाजूला जे बारीक ठसे दिसतात ते वेळोवेळी नाणी तपासणाऱ्या सराफ-व्यापाऱ्यांचे असावेत असं त्यांनी मानलं. जितके ठसे जास्त तितकं नाणं जास्त फिरलेलं. आणि वजनं पाहिली तर मागचे ठसे वाढतात तसं वजन उतरत जातं, असं तक्षशिलेच्या साठ्यात दिसलं.

यावर विश्वास कसा ठेवायचा? त्यांनी त्या काळात चलनात असलेली साधी सरकारी नाणीही गोळा करून वजन केली. या नाण्यांवर साल छापलेलं असतं, त्यामुळे झीज आणि वय यांचं नातं ताडून पाहता येतं. जुनी आणि नवी मिळून हजारो नाणी एकेक करून तराजूत टाकणं, हे काम किती कंटाळवाणं असेल याची कल्पना करा. 1940 पासून त्यांचे यावरचे लेख येऊ लागले. सगळ्या नाणेतज्ज्ञांना ही पद्धत पटली असं नाही, आक्षेप तेव्हाही आले आणि नंतरही. पण वस्तूवर काहीही लिहिलेलं नसताना तिच्याकडून कालक्रम काढून घेण्याची ही युक्ती गणिताच्या माणसालाच सुचावी अशी होती.

(वर्गात करून पाहायचं असेल तर एक रुपयाची एकाच प्रकारची वेगवेगळ्या सालांची नाणी मुलांकडून गोळा करा आणि ओळखीच्या सराफाकडचा इलेक्ट्रॉनिक काटा तासभर मागून घ्या. आजची नाणी स्टेनलेस स्टीलची, चांदीसारखी झिजत नाहीत, त्यामुळे फरक फार थोडा दिसेल, कदाचित दिसणारच नाही. पण तो का दिसला नाही यावरच चांगली चर्चा होते.)

इथपर्यंत ते गणितीच होते. इतिहास शिकावा असं त्यांनी काही ठरवलं नव्हतं. पण नाण्यांचे गट लागले की पुढचा प्रश्न येतोच, ही पाडली कुणी? ते शोधायला पुराणं, बौद्ध आणि जैन ग्रंथ पाहावे लागले. त्या ग्रंथांत एकमेकांशी जुळत नसलेल्या याद्या. मग मूळ संस्कृत नीट वाचता यायला हवं. बापाकडून घरात जे कानावर पडलं होतं ते पुरेना. म्हणून एकच ग्रंथ घेऊन तो मुळापासून तपासायचा असं ठरवलं, आणि निवडला भर्तृहरी. ती शतकं आपल्या परिचयाची, वामन पंडितांमुळे मराठीतही घरोघरी गेलेली. छापील प्रती उघडल्या तर एकीत एक श्लोक, दुसरीत भलताच. मग देशभरातली शेकडो हस्तलिखितं मिळवून, त्यांची कुळं लावून, कोणते श्लोक सगळीकडे आहेत आणि कोणते नंतर घुसले आहेत हे ठरवलं. 1948 मध्ये भर्तृहरीच्या नावावरच्या सुभाषितांची त्यांची चिकित्सक आवृत्ती आली. संस्कृतची कुठलीही पदवी नसलेल्या गणिताच्या प्राध्यापकाने केलेली ही आवृत्ती आजही अभ्यासकांना बाजूला ठेवता येत नाही.

पुढे भूतकाळ कागदावर पुरेना म्हणून ते पायी फिरू लागले. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर बारीक गारगोट्यांची अश्मयुगीन हत्यारं वेचली. धनगरांच्या वाटा, आळंदी-पंढरपूरच्या वाटा, म्हसोबा, म्हातोबा, बोल्हाई यांची ठाणी नकाशावर मांडली. जुनी हत्यारं आणि जुन्या देवींची ठाणी एकाच वाटेवर पुन्हा पुन्हा का सापडतात, हा त्यांचा प्रश्न. कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवरचे दानलेख पुन्हा वाचले. हे सगळं 1956 च्या त्यांच्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणाऱ्या ग्रंथात आणि 1962 च्या मिथ अँड रिअ‍ॅलिटी या पुस्तकात आलं. राजांची नावं आणि सनावळ्या बाजूला ठेवून, लोक अन्न कसं पिकवत होते, कोणत्या अवजारांनी, आणि ते धान्य कोण घेऊन जात होतं, हे विचारणारा इतिहास. ते मार्क्सच्या विचारांचे होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्यांचे सगळे निष्कर्ष आज त्यांचे चाहतेही मान्य करत नाहीत. पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना वळसा घालून आज प्राचीन भारताचा इतिहास लिहिता येत नाही.

आणि हे चालू असताना गणितही चालू होतं, हे विसरू नका. 1943 मध्ये संख्याशास्त्रावर त्यांनी जो निबंध लिहिला त्यातला मुख्य विचार काही वर्षांनी कारुनेन आणि लोएव्ह या दोघांनी स्वतंत्रपणे मांडला आणि तो त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाला. आता काही जण त्यात कोसंबींचंही नाव जोडतात. त्याच सुमारास एक चार पानी निबंध त्यांनी आनुवंशशास्त्रावर लिहिला. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे पुढच्या पिढीतल्या अदलाबदलीवरून मोजायचं सूत्र त्यात आहे. जनुकांचे नकाशे काढणारे शास्त्रज्ञ ते आजही कोसंबींच्या नावाने वापरतात. बियाण्यांच्या नव्या जातींवर काम करणारी तुमची एखादी जुनी विद्यार्थिनी असेल तर तिला विचारा. तिला हे नाव इतिहासकार म्हणून बहुधा माहीत नसेल, सॉफ्टवेअरमधला एक पर्याय म्हणून नक्की माहीत असेल.

1945 मध्ये होमी भाभांनी त्यांना मुंबईला नव्याने सुरू झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. पुण्यातलं घर त्यांनी सोडलं नाही. डेक्कन क्वीनने जायचे आणि डेक्कन क्वीनने यायचे.

आता किंमत.

संस्थेत गणिताचा विभाग वाढत होता. तिथे तरुण मुलं एकाच प्रश्नावर वर्षानुवर्षं काम करत होती, आणि कोसंबी टेकड्यांवर दगड वेचत होते. कुजबुज होणारच. त्यात त्यांचा स्वभाव तिखट, समोरच्याचं मन राखून बोलणं त्यांना जमत नसे. 1950 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी गणितातल्या सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एकाला, रीमानच्या अनुमानाला, हात घातला. संभाव्यतेच्या वाटेने तो सुटतो असा दावा केला, आणि तोही कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. ती सिद्धता चुकीची होती. जाणकारांत त्यांची नाचक्की झाली. 1962 मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही.

मला यातून सोपा निष्कर्ष काढता येत नाही, आणि तुम्हीही काढू नये असं वाटतं. त्यांनी बर्कहॉफचं ऐकलं असतं तर कदाचित ते अधिक मोठे गणिती झाले असते. शक्य आहे. मग ती नाणी, तो भर्तृहरी, त्या धनगरवाटा कुणी पाहिल्या असत्या? कुणीतरी पाहिल्या असत्या, पण तराजू घेऊन नाही. आणि दुसऱ्या बाजूने पाहिलं तर, गणित इतकं पक्कं नसतं तर ते इतिहासात दुसऱ्या कुणासारखेच एक हौशी झाले असते. त्यांच्या हातात मेजर होता म्हणून मायनरना धार आली. माझ्याकडे आलेल्या त्या वडिलांना मी हे सांगायला हवं होतं. मुलीने गणितात हयगय केली तर इतिहासाचा रकाना तिला वाचवणार नाही, आणि गणित मन लावून केलं तर इतिहास वाया जाणार नाही. त्यांना भीती होती ती विषयांच्या जोडीची. लक्ष द्यायला हवं होतं पहिल्या रकान्याकडे, ज्यावर घरात चर्चाच झाली नव्हती, कारण गणित म्हटल्यावर सगळे गप्प बसले होते.

आणखी एक गोष्ट. कोसंबींनी इतके विषय केले म्हणून आपल्या मुलांना एकदम सहा क्लास लावू नका. त्यांचा एक विषय दुसऱ्यातून निघाला. संख्याशास्त्र समजून घ्यायला नाणी, नाण्यांसाठी ग्रंथ, ग्रंथांसाठी संस्कृत, संस्कृतमधून पुन्हा समाज. प्रत्येक वेळी हातातला प्रश्न सुटेना म्हणून शेजाऱ्याचं दार वाजवलं. मार्कांसाठी निवडलेला मायनर असं दार उघडत नाही, हेही मी वीसेक वर्षं मुलं पाहून सांगते.

शेवटची दोन वर्षं ते पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी जोडलेले होते, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञ केलं होतं. 29 जून 1966 च्या पहाटे झोपेतच ते गेले. वय 58. त्यांची धाकटी मुलगी मीरा कोसंबी पुढे समाजशास्त्रज्ञ झाल्या, आणि आजोबांचं मराठी लेखन त्यांनीच इंग्रजीत नेलं.

हार्वर्ड विद्यापीठाची प्राच्यविद्या ग्रंथमाला आहे, क्रमांक लावलेली. तिचा 41 वा ग्रंथ म्हणजे धर्मानंदांनी ज्यासाठी इतक्या वेळा समुद्र ओलांडला तो विसुद्धिमग्ग. तो 1950 मध्ये छापून आला, तेव्हा धर्मानंदांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यानंतरचा, 42 वा ग्रंथ 1957 चा. विद्याकर नावाच्या बंगालमधल्या बौद्ध पंडिताने जमवलेली संस्कृत सुभाषितं, सुभाषितरत्नकोश. संपादक वा. वि. गोखले आणि दा. ध. कोसंबी. बापाचं पुस्तक आणि गणिताच्या प्राध्यापक मुलाचं पुस्तक, फळीवर एकमेकांना लागून.